कमी कॅलरींचा पिझ्झा घरी: मैद्याऐवजी कशाचा बेस, आणि तो मऊ का पडतो

पिझ्झ्याच्या कॅलरी कमी करायच्या म्हटलं की पहिली कुऱ्हाड बेसवर पडते. पण हिशेब मांडला तर चित्र जरा वेगळं दिसतं. २५ सेंटिमीटर व्यासाचा, घरी केलेला नेहमीचा पिझ्झा घ्या. १५० ग्रॅम मैद्याच्या साधारण ५४५ कॅलरी, मोठा चमचाभर तेलाच्या १२०, १५० ग्रॅम मोझरेलाच्या ४५० आणि सॉस-भाज्यांच्या पन्नासेक. बेरीज साडेअकराशेच्या पुढे जाते, आणि त्यात चीजचा वाटा मैद्याच्या जवळपास पोहोचतो. फ्लॉवरचा बेस खपून केला आणि वर तेच दीडशे ग्रॅम चीज पसरलं, तर मेहनत भरपूर होते पण फायदा अर्धाच पदरात पडतो. म्हणून बेस, चीज आणि तेल या तिन्हींचा विचार एकत्रच करायचा.

दुसरा मुद्दा पाण्याचा. मैद्यात पाणी घालून मळलं की ग्लूटेनची जाळी तयार होते आणि तीच बेसला धरून ठेवते. भाज्यांमध्ये ही जाळी नसते, उलट पाणी मात्र प्रचंड असतं: फ्लॉवरमध्ये सुमारे ९२ टक्के, झुकिनीत ९५. हे पाणी उडून जाईपर्यंत बेसच्या पृष्ठभागाचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसं वर चढत नाही, आणि खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. भाजीचा बेस फिका, लिबलिबीत आणि मधे कच्चट निघाला तर दोष बहुतेक वेळा पाण्याचाच असतो, मसाल्याचा किंवा ओव्हनचा नसतो.

खालची सगळी प्रमाणं २५ सेंटिमीटरच्या एका पिझ्झ्यासाठी आहेत. वजनकाटा वापराच. वाटीने मोजलेला फ्लॉवरचा चुरा प्रत्येक वेळी वेगळा भरतो, आणि इथे ५० ग्रॅमच्या फरकाने बेस जमतो किंवा बिघडतो.

फ्लॉवरचा बेस

साहित्य: फ्लॉवरचे तुरे ६०० ग्रॅम (पानं आणि जाड दांडा काढून), १ अंडं, बारीक किसलेलं पार्मेझान किंवा तसंच दुसरं कडक, खारट चीज ३० ग्रॅम, पाव छोटा चमचा मीठ, अर्धा छोटा चमचा ओरेगानो, थोडी मिरपूड. कागदाला लावायला अर्धा छोटा चमचा तेल.

तुरे धुऊन पूर्ण कोरडे करा. मिक्सरमध्ये थोडे थोडे घालून थांबत थांबत फिरवा. चुरा बारीक रव्यासारखा हवा. एकसलग फिरवलं तर त्याचा लगदा होतो आणि लगद्यातलं पाणी पिळून निघत नाही. मिक्सरवर भरवसा नसेल तर किसणी उत्तम.

आता हा चुरा शिजवायचा, पण पाण्यात उकडायचा नाही. पसरट भांड्यात झाकण न ठेवता मायक्रोवेव्हमध्ये ७–८ मिनिटं, मधे एकदा हलवून. किंवा ट्रेवर पातळ पसरून २०० अंशांवर १५–१८ मिनिटं. ट्रेची पद्धत जास्त चांगली, कारण भाजता भाजताच बरंच पाणी उडून जातं आणि फ्लॉवरचा उग्र वासही कमी होतो.

चुरा हाताला सोसेल इतका निवू द्या, मग मलमलीच्या किंवा पातळ सुती फडक्यात बांधून पिळा. एकदा पिळून झालं की गाठोडं सोडा, चुरा हलवा, परत बांधून पिळा. मधल्या भागातलं पाणी दुसऱ्या खेपेलाच निघतं. आता वजन करा. ६०० ग्रॅमचे ३२० ते ३५० ग्रॅम उरले असतील तर पुढे जा. ३८० पेक्षा जास्त भरत असेल तर अजून पिळा. सगळ्या कृतीत एवढी एकच पायरी नीट केली तरी बेस हमखास जमतो.

पिळलेल्या चुऱ्यात अंडं, चीज, मीठ आणि मसाले मिसळा. मिश्रणाचा घट्ट गोळा वळला पाहिजे. ट्रेवर बेकिंग पेपर ठेवून त्याला तेलाचा हात फिरवा. मेणकागद अजिबात वापरू नका. त्याचं मेण वितळतं, धूर होतो आणि बेस चिकटून बसतो. मिश्रण हाताने थापत २५ सेंटिमीटरचा, ६–७ मिलिमीटर जाडीचा गोल करा. कडा आतल्या बाजूला दाबून किंचित जाड ठेवा, कारण त्या आधी करपतात. मधे जाड आणि कडेला पातळ राहिला तर कडा काळ्या पडतील आणि मधला भाग ओला राहील.

२२० अंशांवर आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये खालच्या कप्प्यात २०–२५ मिनिटं भाजा. वरून तांबूस ठिपके दिसले आणि हलकेच बोट टेकवल्यावर ओलं लागलं नाही, की वर दुसरा कागद आणि दुसरा ट्रे ठेवून सगळं उलटं करा. जुना कागद सावकाश सोलून काढा आणि दुसरी बाजू ५–८ मिनिटं भाजा. सॉस आणि चीज या भाजणीनंतरच. शेवटी पुन्हा ६–८ मिनिटं.

अशा बेसच्या सुमारे ३३० ते ३४० कॅलरी होतात. त्यातल्या शंभरहून अधिक पार्मेझानच्या आहेत. चीज १० ग्रॅमवर आणून एक जास्तीचं पांढरं बलक घातलं तर बेस २८० च्या आसपास येतो, पण थोडा मऊ राहतो. चीज इथे चवीपुरतं नसतं: ते वितळून चुरा बांधतं आणि खरपूस रंगही त्याच्यामुळेच येतो.

अंडं नको असेल तर ३० ग्रॅम बेसन आणि एक मोठा चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आसपास, इसबगोल घाला आणि मिश्रण १० मिनिटं झाकून ठेवा. इसबगोल उरलेलं पाणी शोषून घट्ट जेल तयार करतं. आवश्यकतेपेक्षा जास्त घातलं तर बेस रबरासारखा चिवट होतो, म्हणून मापाबाहेर जाऊ नका.

झुकिनीचाही याच रीतीने बेस होतो, फक्त तिला शिजवायची गरज नाही. ५०० ग्रॅम झुकिनी किसून एक छोटा चमचा मीठ चोळा, २० मिनिटांनी जोर लावून पिळा, मग १ अंडं, २० ग्रॅम चीज आणि ३० ग्रॅम बेसन घाला. वेगळं मीठ घालायचं नाही. पिळल्यावरही पुरेसं मागे राहतं. फ्लॉवरपेक्षा हा बेस नाजूक असतो, उलटताना तुटण्याची शक्यता धरून चाला.

बेसनाचा बेस: सगळ्यात कमी कटकटीचा

पिळापिळी करायला वेळ नसेल तर हा करा. ८० ग्रॅम बेसन चाळून घ्या, त्यात १६० मिली पाणी थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा. पाव छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा तेल. पीठ पळीवाढं हवं. झाकून किमान एक तास ठेवा, दोन तास ठेवलंत तर आणखी चांगलं. या वेळात बेसनाचा कण न् कण पाणी पितो. घाईत लगेच ओतलं तर बेस भुसभुशीत होतो आणि कच्च्या बेसनाची तुरट चव मागे राहते. वर आलेला फेस पळीने काढून टाका.

२५ सेंटिमीटरचं जाड बुडाचं, ओव्हनमध्ये चालेल असं पॅन २२० अंशांवर १० मिनिटं तापवा. बाहेर काढून थेंबभर तेल पुसून घ्या आणि पीठ ओता. ओतताना चुर्र आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर पॅन पुरेसं तापलेलं नाही आणि बेस चिकटणार. १२–१५ मिनिटांत कडा सुटतात आणि वर बारीक तडे दिसतात. मग उलटून ३–४ मिनिटं.

याच्या सुमारे ३५० कॅलरी होतात. आकडा फ्लॉवरच्या जवळपासच आहे, पण यात १७–१८ ग्रॅम प्रथिनं आणि बरेच तंतू मिळतात, त्यामुळे अर्ध्या पिझ्झ्यातच पोट भरतं. वासाची अडचण वाटत असेल तर पिठात ठेचलेली लसूण आणि मिरपूड घाला.

चक्क्याचा बेस: ज्यांना पावाचाच पोत हवा आहे

भाजीचा बेस कितीही जमला तरी तो पावासारखा लागत नाही. ती अपेक्षा असेल तर पीठ वापरा, पण कमी. ९० ग्रॅम पीठ (अर्धी कणीक, अर्धा मैदा), सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा मीठ आणि साय काढलेल्या दुधाच्या दह्याचा चक्का ९० ते १०० ग्रॅम. २५० ग्रॅम दही ३–४ तास टांगलं की साधारण एवढा चक्का मिळतो. न टांगलेलं दही घालू नका. पीठ सैल होतं, मग वरून पीठ टाकावं लागतं आणि कॅलरी तिथेच वाढतात.

सगळं एकत्र करून जेमतेम गोळा होईपर्यंतच मळा. दह्यातलं आम्ल आणि बेकिंग पावडर लगेच कामाला लागतात. जास्त मळलं किंवा तासभर ठेवून दिलं तर फुगवटा निघून जातो. १० मिनिटं झाका, बेकिंग पेपरवर ३–४ मिलिमीटर जाडीचं लाटा, काट्याने टोचा आणि २३० अंशांवर ५ मिनिटं कोरडंच भाजा. मग सॉस-चीज घालून ७–८ मिनिटं. बेसच्या कॅलरी ३७०–३८०. साईसकट दह्याचा चक्का वापरला तर त्याहून जास्त.

यीस्टचा खराखुरा बेसही बाद करायचं कारण नाही. ९० ग्रॅम मैदा, ५५ मिली पाणी, चिमूटभर यीस्ट, २ ग्रॅम मीठ, तेल शून्य. दोन तास फुगू देऊन अगदी पातळ लाटला, टोचून ३–४ मिनिटं आधी भाजून घेतला, की त्याच्या कॅलरी सुमारे ३३० होतात. म्हणजे चीज घातलेल्या फ्लॉवरच्या बेसइतक्याच! मग फ्लॉवर कशाला? एक तर ताटात पडणारा घास मोठा होतो, तंतू वाढतात आणि मैदा टळतो. पण फक्त कॅलरीच मोजायच्या असतील तर पातळ बेस हा प्रामाणिक आणि सोपा पर्याय आहे. त्याहून घाई असेल तर तयार पातळ टॉर्टिया घ्या, २२० अंशांवर ३ मिनिटं कोरडा कडक करा आणि मग सजवा. आधी कडक केला नाही तर सॉस पिऊन मऊ पडतो.

चिकन, वांगं, मश्रूम

चिकनच्या बेसला ३०० ग्रॅम बिनचरबीच्या छातीच्या मांसाचा खिमा, १ अंडं, २० ग्रॅम पार्मेझान, मीठ, लसूण. दोन बेकिंग पेपरच्या मधे ठेवून २७ सेंटिमीटरपर्यंत लाटा, कारण भाजताना आकसतो. २०० अंशांवर १८–२० मिनिटं. आतलं तापमान ७४ अंशांपर्यंत गेलंच पाहिजे. सुटलेलं पाणी ओतून टाका, कागदाने टिपा, मगच सॉस. कॅलरी सुमारे ५००, म्हणजे आकड्यात बचत फारशी नाही, पण प्रथिनं ७५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. तळलेल्या, खारवलेल्या मांसाचं टॉपिंग यावर घातलं की उद्देशच संपतो.

एकेक घासाचे पिझ्झे हवे असतील तर जाड वांग्याच्या दीड सेंटिमीटरच्या चकत्या करा, मीठ लावून अर्धा तास ठेवा, पुसा आणि २०० अंशांवर १५–२० मिनिटं भाजा. वांगं तेल स्पंजसारखं पितं, म्हणून तेल ओतायचं नाही, ब्रशने लावायचं. मोठे पोर्टोबेलो मश्रूम असतील तर देठ काढून आधी पालथे १० मिनिटं भाजा म्हणजे पाणी गळून जाईल.

बदामाच्या पिठाचा बेस मात्र या यादीत बसत नाही. त्यात कर्बोदकं कमी असतात हे खरं, पण १०० ग्रॅमला पावणेसहाशे ते सहाशे कॅलरी असतात, मैद्यापेक्षा कितीतरी जास्त. कमी कर्बोदकं आणि कमी कॅलरी या दोन गोष्टी सर्रास एकच समजल्या जातात, आणि मग वजन का हलत नाही याचा उलगडा होत नाही.

वरचा थर

सॉस घट्टच हवा. २०० ग्रॅम टोमॅटो प्युरी, ठेचलेली एक पाकळी लसूण, छोटा चमचाभर तेल; मध्यम आचेवर १२–१५ मिनिटं आटवून निम्मं करा. मीठ आणि ओरेगानो शेवटी. चमचाभर सॉस बशीत ठेवा. मिनिटभरात भोवती पाण्याचं कडं दिसलं तर अजून आटवा. एका पिझ्झ्याला ६०–७० ग्रॅम पुरतो. विकतच्या सॉसमध्ये बहुधा साखर असते, पाकिटावरचे घटक वाचून घ्या.

चीजचं प्रमाण ६० ते ७० ग्रॅम मोझरेला, आणि चवीसाठी वरून १० ग्रॅम कडक खारट चीज. एवढं कमी चीज पुरवायची युक्ती अशी: मोझरेला बारीक किसणीने किसा आणि अगदी गार असतानाच भुरभुरा. जाड तुकडे एकेका जागी डबकी करतात, बारीक कीस सगळीकडे पोहोचतो. कमी स्निग्धांशाचं मोझरेला चालतं. पूर्ण स्निग्धांश काढलेलं मात्र घेऊ नका, ते वितळत नाही, त्याची वातड साय बनते. पाण्यात बुडवलेलं ताजं मोझरेला भाजीच्या बेसवर पाणी सोडतं. तेच वापरायचं असेल तर तुकडे करून तासभर कागदावर निथळत ठेवा.

भाजीचा बेस असेल तर क्रम बदलून पाहा: आधी मूठभर चीज, त्यावर सॉसचे ठिपके, मग भाज्या आणि उरलेलं चीज. खालचं चीज वितळून बेस आणि सॉसमध्ये पडदा धरतं.

मश्रूम कच्चे घालू नका. कोरड्या तापलेल्या तव्यावर तेलाशिवाय ५–६ मिनिटं परता. पाणी सुटेल, आटेल आणि मग कडा तांबूस होतील. पालक वाफवून पिळा. टोमॅटोच्या बिया काढून टाका. कांदा आणि ढोबळी मिरची कागदासारखी पातळ चिरली तर कच्ची चालते. सगळ्या भाज्या मिळून १२० ते १५० ग्रॅमपर्यंतच ठेवा. ताजी बेसिलची पानं पिझ्झा बाहेर आल्यावर.

असा फ्लॉवरचा पूर्ण पिझ्झा सहाशे ते साडेसहाशे कॅलरींत बसतो.

ओव्हन, तवा, एअर फ्रायर

ओव्हन तापल्याचा दिवा लागला म्हणजे आतला ट्रे तापला असं नाही. जाड ट्रे पालथा घालून किमान अर्धा तास तापवा आणि बेस कागदासकट त्यावर सरकवा. खालून लागणारा हा झटका बेस कोरडा करतो. कागद किती अंशांपर्यंत चालतो ते डब्यावर लिहिलेलं असतं, बरेचसे २२० पर्यंतच असतात. त्यापुढे जायचं असेल तर बेस घट्ट झाल्यावर कागद काढून घ्या. छोट्या ओव्हनमध्ये खालचा-वरचा दोन्ही रॉड लावा आणि शेवटची दोन मिनिटं फक्त वरचा.

तव्यावर करायचं तर बेसन किंवा चक्क्याचा बेस निवडा. फ्लॉवरचा तव्यावर उलटताना मोडतो. बेसच्या दोन्ही बाजू झाकण न ठेवता भाजा, मग सॉस-चीज घालून मंद आचेवर झाकण ठेवा आणि दर मिनिटाला झाकणाच्या आतली वाफ पुसा. तेच पाणी परत पिझ्झ्यावर गळतं.

एअर फ्रायरमध्ये बेस टोपलीपेक्षा दोन सेंटिमीटर लहान ठेवा आणि १९० अंशांवर भाजा. पंख्याच्या झोताने सुटे तुकडे उडतात, म्हणून भाज्या खाली आणि चीज त्यांच्यावर. रिकामा कागद आत ठेवून तापवू नका, तो उडून हीटरला चिकटतो.

बिघडलंच तर

बेस कागदाला चिकटला असेल तर बहुधा अजून ओला आहे. ओढू नका, आणखी ५ मिनिटं भाजा, आपोआप सुटतो. कडा करपतात आणि मधे ओलं राहतं, तेव्हा थापणी असमान आहे किंवा तापमान जास्त. २०० अंशांवर जास्त वेळ द्या. उचलताना तुकडा वाकून पडतो याची कारणं दोन: दुसरी बाजू भाजलेली नाही किंवा ओव्हनमधून काढून थेट ताटात ठेवलाय. गरम बेसखाली वाफ कोंडली की तो दोन मिनिटांत मऊ पडतो. जाळीवर ३–४ मिनिटं ठेवा, मग कापा. फ्लॉवरचा बेस निवताना आणखी घट्ट होतो, त्यामुळे हा थोडा वेळ द्यायलाच हवा.

अंड्याचा वास येत असेल तर अंडं मोठं आणि चुरा कमी असं झालेलं असतं. १५ ग्रॅम बेसन घालून प्रमाण सावरतं.

एका वेळी दोन-तीन बेस करून ठेवणं सोयीचं. दोन्ही बाजू भाजून झालेले बेस जाळीवर पूर्ण गार करा, मधे कागद घालून हवाबंद पिशवीत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. महिनाभर छान राहतात. वापरताना बाहेर वितळू द्यायचे नाहीत, नाहीतर सुटलेलं पाणी बेस परत पितो. गोठलेलाच बेस तापलेल्या ट्रेवर २२० अंशांना ४–५ मिनिटं ठेवा, मग सॉस, चीज, भाज्या.